खोट्या पत्त्यांचे खेकडे

चौबळ मॅडमना "चहा घेणार का?" असं विचारलं तरी उत्तर ठरलेलं: "का विचारतेस? कोणी विचारायला सांगितलं?" पनवेलच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा माझ्याकडे होती, त्यामुळे हा उलटा प्रश्न मी वीस वर्षं रोज ऐकला. चहा त्या घेत, पण आधी मी घोट घेतल्यावर.

मॅडमचा विषय खाडीतले खेकडे. चिखलात भोकं पाडून राहणारे, नखाएवढे. त्या हाताचा आडोसा करून लिहीत. संगणकाचं तोंड भिंतीकडे. एका नव्या प्राध्यापकाने सहज विचारलं, "मॅडम, रविवारी कुठे?"

"नेऱ्याला. लग्न आहे."

सोमवारी त्यांच्या सलवारीवर गुडघ्यापर्यंत चिखलाचे डाग. नेऱ्याचं लग्न कुठल्या हॉलमध्ये होतं, हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

कारण जुनं होतं. पीएचडीच्या वेळी त्यांच्या सरांचा नियम होता: बाईमाणसाने चिखलात उतरायचं नाही, मुलं आणतील ते खेकडे मोजायचे. मॅडम गुपचूप उतरल्या. खेकडे धरून बाजारात विकणाऱ्या हिराबाई कोळणीला गाठलं, तिच्याकडून ओहोटी शिकल्या. एक कधी न पाहिलेला खेकडा मिळाला. आनंदाच्या भरात सरांना जागा सांगून बसल्या. पुढच्या रविवारी सर मुलांना घेऊन तिथेच. शोधनिबंध छापून आला, त्यात मॅडमचं नाव आभारातसुद्धा नव्हतं.

तेव्हापासून नमुन्याच्या प्रत्येक बाटलीवर तारीख खरी, तिथी खरी (ओहोटी तिथीवर चालते), गोळा करणाऱ्यांची नावं "चौबळ, हिराबाई" अशी. ठिकाण मात्र धडधडीत खोटं. खाडीतला खेकडा खारघरच्या डोंगरावर! खरी ठिकाणं एका वहीत. आणि वही चोरीला जाईल म्हणून ती ठेवायची जागा दर वर्षी बदलायची.

निवृत्तीला महिना उरला. संग्रहाची यादी करून देणं माझं काम.

"मॅडम, एकशे चाळीस बाटल्या झाल्या. वही द्या."

"का विचारतेस?" पण आवाजात जोर नव्हता. वही कुठे दडवली, तेच त्या विसरल्या होत्या.

कपाटं, माळा, सूक्ष्मदर्शकांची खोकी, सगळं मी टिकमार्क करत तपासलं. नाही. आणि ठिकाण माहीत नसलेला नमुना म्हणजे नुसता मेलेला खेकडा. नवे विभागप्रमुख तो एका दिवसात फेकून देतील. बाईची सगळी नोकरी सिंकमध्ये ओतली जाणार होती.

इतक्या वर्षांची ठिकाणं मॅडमनाही आठवत नव्हती; बाटल्यांवरचं दुसरं नाव हिराबाईंचं, म्हणून मी त्यांना बोलावून घेतलं. मॅडम माझ्यावरच उखडल्या. "तुला ती कशी माहीत?"

"बाजारात बसतात, मॅडम. मी त्यांच्याकडून चिंबोऱ्या घेते."

"किती दिवस?"

मी बाटल्या टेबलावर मांडायला घेतल्या.

हिराबाई पदर खोचून स्टुलावर बसल्या. मी तारीख आणि तिथी वाचायची, त्या छताकडे बघायच्या.

"पौषातली आवस? लेकीच्या लग्नाआदीची. जुन्या बंदराच्या पाठी. बाय, तुजी चप्पल रुतली तो दिस."

"चप्पल लिहू नकोस," मॅडम मला म्हणाल्या.

"ही पुलाखालची. बाय घसरली, आन् खेकडा नाय सोडला हातातला!"

"शैला, तेही नको."

दोन दुपारींत एकशे एकोणचाळीस ठिकाणं लागली. मॅडम प्रत्येक पान माझ्याकडून मागून घेत, उलटं करून बघत. शेवटची बाटली मी वाचली. फाल्गुन, अमावास्या.

"ही माजी नाय," हिराबाई म्हणाल्या. "तवा मी इस्पितळात व्हती. पोटाचं आपरेशन. महिनाभर."

"पण नाव आहे ना तुमचं."

"मंग बाय खोटं लिवती."

ठिकाणं खोटी, हे मला माहीत होतं. नावही खोटं असेल अशी शंका कधी आली नव्हती. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला होता.

"एकटीचं नाव लिहायला घेतलं," त्या हिराबाईंना म्हणाल्या, "आणि वाटलं, असं लिहिलं तर तू इस्पितळातून परत येणारच नाहीस."

मग मॅडमनी आपणहून ठिकाण सांगितलं, मोठ्याने, दोनदा. मी लिहून घेतलं.

"तितं?" हिराबाई स्टुलावरून उठल्याच. "तितं एकटी गेली व्हतीस? कमरेएवडा चिखल हाय! बुडाली असतीस तर कोणाला कललं असतं?"

पुढची दहा मिनिटं त्या मॅडमना रागावत होत्या, आणि मॅडम खाली मान घालून ऐकत होत्या.