पास कोनता शे?

आमचे शेजारी दगाआप्पा रोज दुपारी चार वाजता मेलेल्या बायकोच्या हाकेला ओ देतात. "ऊनू वं, ऊनू!" म्हणजे आलो गं आलो, असं म्हणतात आणि उठून बसतात. तुम्ही म्हणाल, म्हातारा माणूस, होत असतील भास. मीही तेच म्हटलं असतं. पण ती हाक मी माझ्या कानांनी ऐकली आहे, आणि तेव्हा आप्पा घरातसुद्धा नव्हते.

मी नंदुरबारला या घरात भाड्याने आले, त्याच आठवड्यातली गोष्ट. मी संगणकाचे वर्ग घेते; भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आप्पांच्या दाराला कुलूप होतं. मी मधल्या भिंतीत खिळा ठोकत होते. तेवढ्यात भिंतीपलीकडून बाई बोलली, "आयकं का? ऊठा आते. च्या ठंडा हुई ऱ्हायना." मग बांगड्या वाजल्या आणि सणसणीत शिंक आली. गावाबाहेरच्या मैदानात, पथारीवर, मिरची वाळायला पडली की अख्खं गाव शिंकतं, हे खरं. पण तेव्हा आषाढ चालू होता आणि गावात मिरचीचा देठही वाळत नव्हता. मी हातोडा तसाच टाकून घरमालकीणबाईंकडे पळाले. त्या भाजी निवडत होत्या. "ती जिजी शे," त्या मान वर न करता म्हणाल्या. "मांगला साल गई." आणि मेथीची पुढची जुडी सोडायला लागल्या.

आप्पा एसटीतले निवृत्त कंडक्टर. निवृत्ती फक्त पगाराला लागली, स्वभावाला नाही. तिकिटाचा जुना पंच अजून खिशात असतो. पाहुणा उठला की आप्पा तो पंच चौकटीवर दोनदा आपटतात, टिंग टिंग, गाडी सोडायची डबल बेल. मग पाहुण्याने निघायचंच, थांबायची सोय नाही. आणि कोणतीही नवी गोष्ट समोर आली की एकच प्रश्न, "पास कोनता शे?" जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्यालाही विचारला होता म्हणतात.

विसरवाडीचा किस्सा तर ते आल्या-गेल्या प्रत्येकाला ऐकवायचे. जिजी माहेरी नवापूरला निघाल्या होत्या, नेमक्या आप्पांच्याच गाडीने. आप्पांनी भरल्या गाडीत बायकोपुढे पासासाठी हात पसरला. कंडक्टरच्या घरच्यांना मिळणाऱ्या त्या पासाची मुदत आदल्या दिवशीच संपलेली. विसरवाडी आली तशी आप्पांनी त्यांना पिशवीसकट खाली उतरवलं.

"अहो आप्पा, बायको होती ना!" मी म्हटलं.

"ड्यूटीवर कंडक्टरले बायको नही ऱ्हास," आप्पा म्हणाले. "नियम म्हंजे नियम."

हे सांगताना त्यांची मान ताठ असायची. मला त्यांचा असा राग यायचा की सांगता सोय नाही.

हाकेचं कोडंही शेवटी त्यांनीच सोडवलं. मधल्या खोलीत जुना कॉम्प्युटर होता. लेकीच्या बाळंतपणाला सुरतेला जाताना, ऐन मिरचीच्या दिवसांत, जिजींनी त्यातल्या आठवण करून देणाऱ्या एका प्रोग्रॅममध्ये आपला आवाज भरून ठेवला होता, नाहीतर आप्पा दिवेलागणीपर्यंत झोपले असते. पुढे त्या परत आल्या, पण आवाज काढायचा राहून गेला. तेव्हा चार वाजता घरात दोन जिजी हाक मारायच्या. आता एकच मारते. मला सगळं कळलं, पण पाठीवरचा काटा काही गेला नाही. कारण मशिन म्हातारं झालं होतं आणि आवाज दिवसेंदिवस जडावत चालला होता. "ऊऽठा" म्हणायला जिजींना आता फार वेळ लागायचा. बांगड्या अगोदर वाजायच्या आणि शब्द मागून यायचे. आणि आप्पा, कप हातात धरून, जिजींच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत शब्द पुरा व्हायची वाट पाहायचे.

एके दिवशी "आयकं का?" एवढंच आलं आणि पडदा काळा झाला.

आप्पा माझ्या दारात आले. चेहरा पांढराफटक. "बेटा, मदरबोर्ड गया, असं दुकानवाला म्हनस. नवं मशिन ल्या म्हनस. त्यामा जिजीना पास चाली का?"

पास म्हणजे आवाज वाजवणाऱ्या प्रोग्रॅमचं लायसन. मी त्यांना बसवून लायसनचे प्रकार समजावले. मशिनबरोबर कंपनीतून येतं ते लायसन त्या मशिनलाच बांधलेलं. मदरबोर्ड गेला की तेही गेलं. दुकानातून वेगळं विकत घेतलेलं नव्या मशिनवर नेता येतं, मात्र जुन्यावरून काढून. आणि संस्था एकगठ्ठा घेते ते त्या संस्थेपुरतंच.

"समजनं," आप्पा म्हणाले. "पयला नावना पास. दुसरा सीटनं तिकीट, गाडी बदलता येस. तिसरी वऱ्हाडनी गाडी."

माझ्या वर्गात इतकं पटकन कुणाला कळत नाही. मी खूश होऊन म्हटलं, "मग आमच्या वर्गाचं लायसन घालून देऊ?"

"वऱ्हाडनी गाडीमा मी कोन? नवरदेवना मामा का?" आप्पा उखडले. मग खाली बघत म्हणाले, "आनि जिजीना परोगराम मशिनसंगेच येल व्हता. नावना पास. मशिन गयं, पास संपना. ती आते नही येवाव."

तेव्हा मला उमगलं की हा माणूस खरंच तिला दुसऱ्यांदा उतरवून देणार आहे. डोळ्यांत पाणी आणि तोंडात नियम! मला रडू आलं आणि चीडही आली.

"आप्पा, कोंडाईबारीच्या घाटात गाडी बंद पडली तर काय करायचात?"

"मांगनी गाडीमा पॅसेंजर बठाडस."

"नवं तिकीट फाडायचात?"

"कसाले? तेच तिकीट चालस. गाडी बंद पडनी, त्यामा पॅसेंजरना काय गुन्हा?"

बोलता बोलता त्यांचा हात खिशातल्या पंचावर गेला.

"लायसन प्रोग्रॅमचं असतं, आप्पा. ते राहू द्या घाटात. आवाज जिजींचा आहे. जिजी पास नाहीत, पॅसेंजर आहेत."

आप्पांनी रीतसर लायसनचं नवं मशिन घेतलं. दुकानवाल्याने जुनं कसंबसं एकदा चालू करून दिलं, त्या शेवटच्या धुगधुगीत मी आवाज पेनड्राइव्हवर उतरवला, नव्यात घातला, चारची वेळ लावली. जुनं बंद करायचं मात्र ध्यानात राहिलं नाही. चार वाजले. नव्या मशिनमधून जिजी स्वच्छ आवाजात बोलल्या, "आयकं का?" आणि मागोमाग जुन्यातून, खोल विहिरीतून यावं तसं, "आऽयकं का?" दोन्हीकडून बांगड्या वाजल्या. दोन शिंका आल्या. जुना पडदा विझला तो कायमचा.

आप्पांनी खिशातून पंच काढला आणि टेबलाच्या कडेवर आपटला. टिंग टिंग.

"ऊनू वं, ऊनू," ते म्हणाले. खुर्चीत थोडे बाजूला सरकले, शेजारी कुणी बसायचं असावं तसे. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाले, "आते तिले इसरवाडीले उतारसू नही."