बाबांनी पाठवलं म्हणजे

इंटरनेटवरची माहिती खरी की खोटी, हे विद्यार्थ्यांनी स्वतः ठरवावे, असे शाळेने ठरवले. कसे ठरवावे, हे मात्र शाळेला ठाऊक नसल्याने तोच प्रश्न सहावीच्या परीक्षेत घालण्यात आला.

विमा एजंटाच्या मुलीने एका ओळीत उत्तर लिहिले: ‘माहिती बाबांना दाखवावी. त्यांनी लगेच सगळ्यांना पाठवली, तर खोटी.’

पालकांच्या ग्रुपवर असलेल्या मुख्याध्यापिकाबाईंनी एजंटाचे जुने मेसेज ताडून पाहिले. पद्धत कुठेही चुकली नव्हती. एजंटाची ‘पडताळणी पालक’ या मानद पदावर नेमणूक झाली. कारण कोणी सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही. “लेकीनेच नाव सुचवलं म्हणे,” असे तो भेटेल त्याला छाती फुगवून सांगत सुटला.

दर शनिवारी तो संगणक कक्षात बसे. मुले त्याच्यापुढे माहिती धरत. उशाशी कांदा ठेवल्यास चष्मा जातो, हे वाचताच त्याचा अंगठा हले आणि मुले वहीत ‘खोटे’ लिहून मोकळी होत.

एका शनिवारी छताचा पोपडा त्याच्या डोक्यावर पडला. वर बोटभर रुंद भेग होती. त्याने ताबडतोब ग्रुपवर कळवले. शाळेने विहित कार्यपद्धतीनुसार मेसेज असत्य घोषित केला आणि मुलांच्या मनात शंका राहू नये म्हणून सोमवारी सहावीचा वर्ग त्याच खोलीत भरवला.

एजंट धापा टाकत दारात आला.

“बाळा, आधी बाहेर ये. छत पडेल!”

“हे कुणी पाठवलं, बाबा?”

“कुणी नाही गं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं!”

“तुमच्या सगळ्याच मेसेजमध्ये तसं लिहिलेलं असतं.”

ती रागावली नव्हती, समजावून सांगत होती. तेच त्याच्या जिव्हारी लागले. तो आत गेला आणि भेगेखालीच तिच्या शेजारी बसला. फोन त्याने खिशातून काढलाही नाही. तिने त्याच्याकडे पाहिले, मग वर पाहिले. तिने दप्तर उचलले. तिच्यामागे सगळा वर्ग बाहेर पडला.

दुपारी छत कोसळले. संध्याकाळी शाळेचे निवेदन आले: ‘छत कोसळल्याचे वृत्त प्रथम संबंधित पालकानेच प्रसृत केल्याने ते ग्राह्य धरू नये. उद्याचे वर्ग संगणक कक्षातच भरतील.’ ग्रुपवरच्या सर्व पालकांनी हात जोडले आणि निवेदन पुढे पाठवले.

तुम्ही हसताय, हसा. फक्त परीक्षेतल्या त्या प्रश्नाला तुमच्या घरातल्या पोराने काय उत्तर लिहिले, ते एकदा विचारून घ्या.