मैनाबाईंचा ठराव

परबकाका माणसांना अरेतुरे करतात आणि घोड्यांना अहोजाहो.

"अहो मैनाबाई, जरा पाय उचला," असं घोडीला म्हणून झालं की त्याच दमात आमच्या क्लबच्या अध्यक्षांना, म्हणजे डॉ. कर्णिकांना, "ए डागतर, सरक मेल्या, वाटेत काय उभा राह्यलायस?" म्हणतात. कर्णिकांचा दादरला हिंदमाताजवळ दातांचा दवाखाना आहे. त्यांच्यापुढे भलेभले तोंड उघडून गप्प बसतात. परबकाकांपुढे मात्र तेच गप्प बसतात.

आमचा घोडेस्वारीचा क्लब आहे म्हटलं की लोकांना वाटतं, आम्ही कोणीतरी बडे. तसं काही नाही. दादर, परळ, गिरगावातले पंचवीस-तीस लोक. मी गिरगावात शाळेत भूगोल शिकवते, अक्षर बरं म्हणून सेक्रेटरी झाले. क्लबचा स्वतःचा एकही घोडा नाही. कर्जतच्या पुढे एका गावात ठोंबऱ्यांचा तबेला आहे. तिथले घोडे आम्ही रविवारी आळीपाळीने घेतो. तबेल्यापासून डोंगराच्या कडेकडेने तळ्यापर्यंत एक वाट जाते. ती घोड्यांसाठी मोकळी ठेवण्याची जबाबदारी क्लबची, म्हणजे परबकाकांची.

काका सत्तरीचे, मूळचे मालवणकडचे, राहायला भोईवाड्यात. इतकी वर्षं क्लबात आहेत, पण स्वतः कधी घोड्यावर बसलेले नाहीत. "कुणाच्या पाठीवर बसून फिरायला मला आवडत नाय," एवढंच म्हणतात. आम्ही बसतो, ते त्यांना फारसं आवडत नसावं.

महिन्यातला एक रविवार वाटेच्या कामाचा. त्या दिवशी सगळे पायी. कोयते, फावडी, कुदळी दोन पोत्यांत भरून मैना नावाच्या म्हाताऱ्या घोडीवर लादायची आणि तळ्यापर्यंत साफसफाई करत जायचं. पावसाळा संपला की वाट ओळखू येत नाही. घाणेरी माजलेली, करवंदीच्या जाळ्या आडव्या, कुठे आख्खं झाड पडलेलं. काका एकेकाला काम वाटतात आणि मध्येच मला ओरडतात, "सेक्रेटरी, लिहून घे! नवव्या वळणावर दगड सुटलाय." माझ्या एका हातात कोयता, दुसऱ्या हातात वही. एकदा मी चुकून वहीने फांदी मारली.

गंमतजमतही वर्षभर चालते. दसऱ्याला दादरच्या बाजारातून झेंडूचे हार नेऊन तबेल्यात पूजा होते. एका दसऱ्याला एका घोड्याने शेजारच्या घोडीचा हार खाऊन टाकला. काकांनी शांतपणे कर्णिकांच्या गळ्यात नुकताच घातलेला सत्काराचा हार काढला आणि त्या घोडीला घातला. "तुका काय, पुढच्या वर्षी मिळेल," म्हणाले. संक्रांतीला भोईवाड्याच्या हॉलमध्ये तिळगूळ असतो, तेव्हा घोड्यांच्या पुड्या वेगळ्या बांधल्या जातात. त्यावर नावं मी घालते. "नुसतं मैना नको, श्रीमती मैनाबाई लिही," अशी सूचना असते. वार्षिक स्नेहसंमेलनात प्रश्नमंजूषा काकांची, आणि तिच्यात एकच प्रश्न: तळ्यापर्यंत वळणं किती? उत्तर सतरा. दरवर्षी तोच प्रश्न, दरवर्षी कोणीतरी सोळा म्हणतं आणि काका त्याला जेवण होईपर्यंत सोडत नाहीत.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग गेल्या जूनच्या बैठकीत कर्णिकांनी प्रस्ताव मांडला, की गवत-झुडपं कापायचं मशीन घेऊ या. गावातली दोन माणसं वर्षातून तीनदा वाट साफ करतील, आपण फक्त घोड्यावर बसू. सगळ्यांच्या हातांना फोड आलेले होतेच. माना डोलायला लागल्या.

परबकाका उभे राहिले. मशीनच्या आवाजाने घोडे बुजतील, म्हणाले. कर्णिक म्हणाले, तेव्हा घोडे तिथे नसतीलच. मशीनला पक्ष्याचं घरटं दिसत नाही, काका म्हणाले. चालवणाऱ्या माणसाला दिसेल, असं कोणीतरी बोललं. मग काकांनी शेवटचा मुद्दा काढला, "मशीन आपल्याबरोबर बसून वडापाव खाणार काय?" सगळे हसले. काकांना हसवायचं नव्हतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. मतदानात काकांचा सोडून सगळे हात वर गेले. माझाही.

"लिहून घे," काका मला म्हणाले. "परबाचा विरोध." आणि चहा न घेता निघून गेले.

पावसाळ्यात क्लब बंदच असतो. ऑगस्टमध्ये मी आणि कर्णिक मशीनचं सांगायला ठोंबऱ्यांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मैनेचं काय करू?"

"काय करू म्हणजे?" कर्णिक म्हणाले.

"तिचा मागचा पाय गेलाय, डॉक्टर. दोन वर्षं झाली, माणूस नाही बसवता येत तिच्यावर. मी तिला विकायला बाजारातच नेणार होतो. तेव्हा परबकाका आले, म्हणाले, क्लबनं ठराव केलाय, हत्यारं वाहायला मैनाच लागेल. क्लबचा ठराव म्हटल्यावर ठेवली. आता मशीन येणार, तर तिला कामच नाही राहिलं."

क्लबचे सगळे ठराव माझ्या अक्षरात आहेत. असा ठराव कधीच झालेला नव्हता. मी कर्णिकांकडे बघितलं. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला.

"झालाय ना ठराव," ते म्हणाले. "मीच मांडला होता. आणि मशीनचं अजून नक्की नाही."

परतताना गाडीत ते म्हणाले, "माझ्याशी हा माणूस कधी धड बोलला नाही, आणि घोडीसाठी अख्ख्या क्लबच्या नावावर खोटं बोलतो!" थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "तुम्ही तो ठराव लिहून काढा. सही मी करतो."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी भोईवाड्यात काकांच्या खोलीवर गेले. ते एकटेच होते. मुलगा नोकरीसाठी परदेशात, काकी जाऊन बरीच वर्षं झाली. वही उघडून मी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ठराव वाचला, खालची सही वाचली.

"डागतरान केल्यान?"

"हो. पण काका, आम्हाला सांगायचं होतंत. आम्ही काय नाही म्हणालो असतो?"

ते वही मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "फोर्टात एका ऑफिसात मी लिफ्टमन होतो गो. जुनी, जाळीची लिफ्ट. मग आपोआप चालणारी आली. बटण दाबलं की झालं. सगळे म्हणाले, आता परब कशाला? पण मोठे साहेब म्हणाले, परब नसला तर मला माझा मजला सापडत नाय. एवढा शिकलेला माणूस, त्याला आकडे वाचता येत नव्हते काय? सहा वर्षं स्टुलावर बसून मी त्यांच्यासाठी बटण दाबलं. तेवढ्यात पोराचं शिक्षण झालं." वही माझ्याकडे देत म्हणाले, "त्यांनी कुणाला कारण सांगितलं नाय. सांगितलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी गेलो नसतो."

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही पुन्हा वाटेवर होतो. मशीन पुढच्या वर्षी बघू, असं कर्णिकांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. ठोंबऱ्यांनी मैनेवर पोती लादली. काकांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना पुढे पिटाळलं आणि स्वतः मैनेला घेऊन मागून निघाले. कर्णिकांना दम लागला, म्हणून मी त्यांच्यासोबत पहिल्या वळणाच्या पुढे थांबले होते.

तबेला झाडांआड गेला तसे काका उभे राहिले. मागे वळून बघितलं. मग मैनेच्या पाठीवरची दोन्ही पोती उतरवली, एक खांद्यावर घेतलं, दुसरं काखेत मारायला वाकले, आणि आम्ही दिसलो.

कर्णिक चार पावलं मागे गेले, दुसरं पोतं उचललं आणि स्वतःच्या खांद्यावर टाकलं.

"शर्ट मळात तुझो," काका म्हणाले.

कर्णिक चालायला लागले होते.

"आणि येताना ह्याच वळणावर परत चढवायची हां," काका त्यांच्या मागून म्हणाले. "ठोंबरे बघतो."

मोकळ्या पाठीची मैना लंगडत, वाटेकडेच्या गवताला तोंड लावत, आमच्या मागून येत होती.