कपाटाची किल्ली जानव्याला

अर्बाबच्या रायफलीच्या गोळ्या आडव्या जायला लागल्या आणि संशय आला तो बदरुद्दीनवर.

आडव्या म्हणजे अगदी आडव्या. लक्ष्याच्या कागदाला गोल भोक पडायचं सोडून, गोळी कुशीवर झोपून गेल्यासारखी लांबट भोकं पडत होती. अर्बाब म्हणजे मालक, इथे अहमदशेठ. पाइपच्या कारखान्याचे मालक, आखातातल्या सहम गावी खजुराची बाग आणि बागेत नेमबाजीचा शौक. परवाना भिंतीवर फ्रेम करून लावलेला. विकतची काडतुसं त्यांना चालत नसत, घरी भरलेलीच लागत. "माझ्या हातची" असं ते सांगायचे. पण हात बदरुद्दीनचे असायचे. रत्नागिरीचा हा माणूस पंधरा वर्षं बाग राखत होता, आणि भिंतीवर चिकटवलेलं मापांचं कार्ड बघून त्या रायफलीची काडतुसं भरत होता.

अहमदशेठनी शिरीषला केबिनमध्ये बोलावलं. शिरीष कारखान्याचा क्वालिटी मॅनेजर.

"शिरीष, तू मिलिट्री आदमी है ना?"

शिरीषने कॉलेजात एनसीसीत एकूण चोवीस गोळ्या झाडल्या होत्या. त्यातल्या दोन शेजारच्याच्या लक्ष्याला लागल्या. पण त्या चोवीस गोळ्यांवर हा गृहस्थ सव्वीस वर्षं भाव खात होता. गेल्या ईदेच्या जेवणात अर्बाबच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या दालनातही त्याने त्या तासभर पुरवल्या होत्या. आता नाही कसं म्हणणार?

"हां, अर्बाब."

"बदरुद्दीन कुछ गडबड करता है. मालूम करो. अगले जुम्मे को इब्री में कॉम्पिटिशन. गुरुवार तक राइफल ठीक नहीं, तो बदरुद्दीन खलास. टिकट, घर. किसी को बोलना नहीं."

आणि काडतुसांच्या कपाटाची किल्ली त्यांनी बदरुद्दीनकडून काढून शिरीषला दिली.

बदरुद्दीनची मुलगी नूरैन बारावीला होती. बाप गेला म्हणजे व्हिसा गेला आणि ऐन बोर्डाच्या तोंडावर शाळाही गेली. हे शिरीषला ठाऊक होतं, पण चौकशी अधिकारी झालेल्या माणसाला आधी चोर दिसतो, मग त्याची मुलगी.

किल्ली हरवू नये म्हणून त्याने ती जानव्याला बांधली. आजोबा बांधत, म्हणून यानेही बांधली. शहरात, घुब्रा भागातल्या फ्लॅटमध्ये बायकोपासून काही लपत नाही, हे मात्र तो विसरला.

"हे काय?" सुचित्राने विचारलं.

"किल्ली."

"दिसतेय. कशाची?"

"ऑफिसची."

"ऑफिसची किल्ली ऑफिसात राहते. आंघोळीला सोबत नेतात ती वेगळी असते."

"कसली वेगळी?"

"ते तूच सांग."

"अगं, कॉन्फिडेन्शियल आहे."

झालं! कॉन्फिडेन्शियल हा शब्द नवऱ्याने घरात उच्चारू नये. सुचित्राने मनातल्या मनात त्या किल्लीला एक फ्लॅट, फ्लॅटला एक बाल्कनी आणि बाल्कनीत एक बाई जोडून टाकली.

शुक्रवारी सकाळी शिरीष सहमला धडकला. बदरुद्दीनने न मागता चहा आणला. न मागता का आणला? शिरीषने वहीत नोंद केली. बदरुद्दीनच्या बायकोने, सफियाभाभींनी, डबाभर सांदणं दिली. लाच! शिरीषने ती पुरावा म्हणून खाल्ली. चार पुरावे खाल्ल्यावर पाचवाही मागून घेतला.

"बदरुद्दीन, खरं सांग. भरताना काय बदललंस?"

"काय पन न्हाय, साहेब. पंधरा वर्सं झाली. कार्ड तोच, गोळी तीच, माप तोच. माजा हात कदी हलला न्हाय."

"मग गोळ्या आडव्या का जातात?"

बदरुद्दीनने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. "तुमी मिलिट्रीतले, साहेब. मी काय सांगू?"

बोलायला टाळतोय, अशी शिरीषने नोंद केली. मग काडतुसं भरायच्या खोलीत लपवून कॅमेरा बसवला आणि तो मोबाइलला जोडून दिला.

शनिवारी दुपारी शिरीष घोरत असताना सुचित्राने जानव्याला आणि किल्लीला मिळून सतरा गाठी मारल्या. किल्ली वापरायची वेळ आली की झक मारत येईल आणि बोलेल, असा तिचा हिशोब होता.

तो आला नाही. वर रोज आंघोळ करून त्याने गाठी भिजवल्या, आणि भिजून वाळलेल्या गाठी लोखंडासारख्या बसल्या. शिवाय आता तो दार लावून तासन्‌तास मोबाइल बघू लागला. बुधवारी संध्याकाळी सुचित्राचा धीर सुटला. दार ढकलून ती आत आली आणि मोबाइल हिसकावला.

पडद्यावर अहमदशेठ होते. पहाटेच्या चित्रणात एकटेच, मखमलीच्या फडक्याने रायफलीची लांबलचक नळी पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी तिचा मुका घेतला.

"अगंबाई! हे काय बघतोयस तू?"

मग सगळं बाहेर आलं. किल्ली, कपाट, बदरुद्दीन, गुरुवारची मुदत. बाल्कनीतली बाई विरघळली, पण सुचित्राचा संशय काही शांत झाला नाही. तो फक्त दुसरीकडे वळला.

"ही नळी एवढी चकचकीत कशी?"

"नवीन आहे. अर्बाबनी बदलून घेतली."

"कधी?"

"ईदेनंतर."

"आणि गोळ्या आडव्या कधीपासून जातात?"

"ईदे... नंतर."

"तुला क्वालिटी मॅनेजर कोणी केलं रे?"

शिरीषने वही चाळली. पाच दिवस त्याने माणूस तपासला होता, नळीकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं.

"सोड आता या गाठी," तो म्हणाला. सुचित्राने नखं लावली, काटा चमचा लावला, तेल लावलं. गाठी ढिम्म! कापावं तर नवं जानवं पुण्याहून कोणी येईल तेव्हा यायचं.

गुरुवारी दोघं सहमला पोचली. जुनी नळी गोदामात सापडली. शिरीषने सळईला घट्ट चिंधी गुंडाळली, सळईवर खूण केली आणि जुन्या नळीत सरकवली. नळीच्या आत कोरलेल्या पिळाबरोबर सळई फिरू लागली, आणि वीतभर आत जायच्या आधीच तिने पुरा फेरा घेतला. नव्या नळीत तोच फेरा घ्यायला सळईला दीड वीत जावं लागलं.

"अर्बाब, ये देखो," शिरीष म्हणाला. त्याने भोवऱ्याचं उदाहरण दिलं. उंच भोवरा जोरात फिरला तरच उभा राहतो, मंद फिरला की लवंडतो. कार्डावरची लांबुडकी गोळी जुन्या नळीच्या घट्ट पिळाला बेतलेली होती. नव्या नळीचा पीळ सैल, तिच्यात ती गोळी पुरेशी फिरतच नव्हती. "बदरुद्दीन का कुछ गलती नहीं. बॅरल और गोली की जोडी गलत है."

दाराआड सफियाभाभींनी डोळ्याला पदर लावला.

अहमदशेठ लाल झाले. "ये लंबा बॅरल लेने को मेरे को बोला कौन? ईद के दिन कोई बोला! कौन था?"

"बरोबर," शिरीष वही उघडत म्हणाला, "मुख्य प्रश्न हाच आहे. कौन था?"

आणि मग त्याला आठवलं. मजलिस. एका हातात मटणाचं हाड. समोर अर्बाब. आणि आपलाच खणखणीत आवाज: "अर्बाब, लंबी नली, लंबा निशाना! एनसीसी का एक्सपीरियन्स है!" शेजारी भाताची परात धरून बदरुद्दीन उभा होता.

त्याने बदरुद्दीनकडे बघितलं. बदरुद्दीन त्याच्याचकडे बघत होता.

"बदरुद्दीन, तू उधर था," अर्बाब म्हणाले. "कौन बोला?"

"अर्बाब, ईद में भोत मेहमान था," बदरुद्दीन शांतपणे म्हणाला. "याद नहीं."

"खलास!" अर्बाबनी हात झटकला. "पुराना बॅरल लगाओ. चाबी बदरुद्दीन को दो. यल्ला, कारतूस निकालो!"

बोलावून घेतलेला नेमबाजी क्लबचा मिस्त्री नळी बदलायला बसला. इकडे कपाट उघडायचं होतं. कपाट जमिनीला टेकलेलं, कुलूप गुडघ्याखाली, आणि किल्ली सतरा गाठींनी शिरीषच्या कमरेला. शर्ट वर करून शिरीषने ती पुढे केली. बदरुद्दीनने किल्ली धरली आणि कुलपाकडे नेली. किल्लीमागे शिरीषही गेला. आधी कमरेत वाकला, मग गुडघ्यांवर आला.

"भाई, सावकाश," मागून सुचित्रा म्हणाली. "त्यांना कुठे जायचं नाहीये."

ओणवं झाल्या झाल्या शिरीष पुटपुटला, "बदरुद्दीन, तुला आठवत होतं ना?"

"तुमी विचारलात त्या दिशीच, साहेब. हाड उजव्या हातात होता तुमच्या."

"अरे, मग आधी का नाही बोललास? नूरैनचं वर्ष गेलं असतं! मला फार लाज वाटतेय रे."

"कसा बोलू? चौकशी तुमी करत होतात," बदरुद्दीन किल्ली फिरवत म्हणाला. "आता जरा आनखी खाली वाका, साहेब. कुलूप फिरत न्हाय."