मोहरीच्या हिरड्या आणि सोसायटीची भिंत

"बाय, तुजे मांजराचं तोंड पांढरं हाय. बरी नाय ती."

हे मला वेणूबाईनं सांगितलं होतं. वेणूबाई आमच्या वाशीच्या बिल्डिंगमध्ये दारोदार मासळी विकते. तिच्या पाटीवर डोळा ठेवून आमच्या मोहरीनं जांभई दिली, तेव्हा तिला ते तोंड दिसलं. मी हसले. हसणारच! मी बी.एस्सी., विषय प्राणिशास्त्र, बेडूक कापण्यात कॉलेजात दुसरी! आता मला मांजर कोण शिकवणार, तर मासळीवाली?

"मावशी, काळ्या मांजराचं तोंड पांढरंच दिसतं," असं ठोकून देऊन मी दोन बोंबील वर मागून घेतले.

चौथ्या दिवशी मोहरी पिठाच्या डब्यामागे जाऊन पडली ती उठेचना. माझी तीन वर्षांची नंदिनी बशी घेऊन तिच्याशेजारी बसली. "मोहरी दूध पिल्याशिवाय मी पन नाही पिनार!" झालं! एका घरात दोन उपोषणं!

मोहरीला कापडी पिशवीत घालून मी बसनं खाडीपूल ओलांडला. कंडक्टर म्हणाला, "ताई, भाजीला तिकीट नाही, पण तुमची भाजी ओरडतेय!" दोन तिकिटं काढली आणि चेंबूरला जनावरांच्या डॉक्टर इद्रीसांपुढे पिशवी रिकामी केली.

रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, "हिच्या अंगातलं सैन्यच हिच्या रक्तातल्या लाल पेशींना शत्रू समजून मारतंय."

"म्हणजे घरच्यांनीच घात केला!"

"तसंच समजा. गोळ्या देतो. वाचेल. पण रोज हिरड्या बघायच्या. फिकट वाटल्या की तडक इकडे. एक दिवस गेला तरी मांजर हातचं जाईल."

"फिकट म्हणजे किती फिकट?"

"अहो बाई, फिकट म्हणजे फिकट!"

असल्या उत्तरानं माझं समाधान होत नाही. आई झाल्यापासून मी नंदिनीचा तापसुद्धा दोन थर्मामीटरनं बघते. शास्त्र म्हणजे शास्त्र!

आमचे हे, म्हणजे सुधीर, तळोज्याला रंगाच्या कारखान्यात आहेत. त्यांना मी शेडकार्ड आणायला लावलं. तेच ते, रंगांच्या चौकोनी टिकल्यांचं. पंधरा दिवसांत गोळ्यांनी मोहरी टुणटुणीत झाली. त्या दिवशी तिचा ओठ वर करून हिरडीशी एकेक टिकली लावून पाहिली. गुलाबी नंबर सोळा! तंतोतंत! त्याला लाल पेनानं गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'हाच कायम ठेवणे. याहून फिकट मुळीच नको!' कार्ड स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलं. रोज सकाळी मोहरीची सोळा नंबरची परीक्षा, आणि मोहरी रोज पास!

आणि एका सोमवारी खिळा रिकामा!

"अहो, कार्ड कुठंय?"

"दळवींना दिलं," हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "सोसायटीला रंग द्यायचाय ना. बघून परत देतील."

जयप्रकाश दळवी म्हणजे आमचे सेक्रेटरी. त्यांच्याकडे आठवडाभर खेपा घातल्या, तेव्हा कळलं, कार्ड पेंटरकडे. पेंटरकडे गेले, तर तो परांचीवरची गोणपाटं सोडत होता. मान वर केली आणि मी तिथंच थिजले. आमची चार मजली बिल्डिंग गेटापासून गच्चीपर्यंत गुलाबी! नंबर सोळा! जणू एखादं अवाढव्य मांजर वाशीकडे तोंड करून जांभई देत होतं!

दळवी खूश. "वहिनी, मानलं तुम्हाला! मीटिंगमध्ये निळा की पिवळा यावर दोन तास भांडण. मग तुमचा शेरा वाचला. म्हटलं, कारखान्यातली माणसं, विचार करूनच लिहिलं असणार!"

"अहो दळवीसाहेब, ती हिरडी आहे!"

"हिरडी तर हिरडी. नाव काही का असेना, रंग ठसठशीत आहे!"

कार्ड पेंटरनं रंगाच्या डब्यात बुडवलं होतं. कारखान्यातली कार्डं संपलेली, नवी छापायला टाकलेली. पण मी हरणारी नव्हे! आता माझ्याकडे चार मजली शेडकार्ड होतं, ते कोण पळवणार? रोज सकाळी मोहरीला टॉवेलात गुंडाळून खाली न्यायची, ओठ वर करून भिंतीशी धरायची. दुधाची रांग थांबून बघायची.

तळमजल्यावरच्या करिमुन्निसाभाभी एकदा न राहवून म्हणाल्या, "नंदिनीची आई, हिला रोज भिंत चावायला का लावता?"

"रंग बघतेय, भाभी."

"भिंतीचा?"

"मांजराचा!"

"पण ती तर काळी आहे!" म्हणत त्यांनी शेजारी उभ्या नंदिनीच्या कपाळाला हात लावून पाहिला. माझ्या कपाळाला लावायचं धैर्य झालं नसावं.

आणि एका गुरुवारी बघते तर काय! भिंत गडद गुलाबी आणि मोहरी कितीतरी फिकट! पुन्हा पिशवी, पुन्हा पूल, पुन्हा दोन तिकिटं! रडत रडत मी मोहरीला टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी ओठ वर केला. मोहरीनं त्यांना कडकडून चावा घेतला.

"ठणठणीत आहे," डॉक्टर बोट चोखत म्हणाले. "कशावरून फिकट म्हणता?"

मी भिंतीची हकिगत सांगितली. "बाई, काल रंगाचा दुसरा हात तर नाही ना मारला?"

मारला होता. आता प्राणिशास्त्रात दुसऱ्या हाताचा धडा नव्हता, त्याला मी काय करू? पण पद्धत चुकीची नव्हती! नवी भिंत धरून नवं प्रमाण ठरवलं आणि भावाच्या लग्नासाठी सांगलीला निघताना ह्यांना बजावलं, "भिंतीहून थोडी फिकट चालेल. फार फिकट दिसली तर तडक चेंबूर!"

आज सकाळी दोन पत्रं एकदम आली. पहिलं ह्यांचं पोस्टकार्ड. 'काळजी नसावी. मोहरी दिवसभर झोपते, त्रास नाही. हिरड्या रोज बघतो. हुबेहूब भिंतीसारख्या.' वाचून मी सगळ्या मांडवात मिरवलं! म्हटलं, बघा, नवऱ्याला शास्त्र शिकवावं तर असं!

मग करिमुन्निसाभाभींचं पत्र उघडलं. 'तुम्ही गेलात आणि रविवारी मीटिंग झाली. गुलाबी कुणालाच बघवेना. आता सगळ्या बिल्डिंगला पांढरा दिलाय.'

दळवींकडे ट्रंक कॉल लावलाय, दुपारपासून लागत नाही. उद्या सकाळी लग्न, नवऱ्यामुलाची बहीण मी एकटी, आणि गाडी रात्रीची. तेव्हा वाचकहो, हे हातात पडेल तेव्हा तुमच्यापैकी कुणी वाशीच्या बाजूला असाल, तर एवढं कराच. आमच्या बिल्डिंगमध्ये जा, दुसरा मजला. दार हेच उघडतील, 'सगळं ठीक आहे' म्हणतील. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. पिठाच्या डब्यामागे बघा, अंगठ्यानं ओठ वर करा आणि मला तार करा.

चावली तर फारच उत्तम!