वजन ३७१

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी निव्वळ पाण्याच्या नमुन्यात ३७१ वजनाचा कण सापडला. पाण्यात काहीही सापडू नये, अशी अपेक्षा होती. तीन वाजता तपासनीस येणार होते. कणांचं वजन करणारं यंत्र पास झालं तरच प्रयोगशाळेतल्या केमिस्टची नोकरी कायम होणार होती.

केमिस्टने यंत्राचं तोंड पुसलं, हात साबणाने धुतले, नवे हातमोजे चढवून ताजं पाणी भरलं. पडद्यावरचा त्या कणाचा सुळका दुप्पट झाला. त्याने पुन्हा सगळं पुसलं, पुन्हा हात धुतले. सुळका चौपट झाला.

साडेबाराला बायकोचा फोन आला.

"आवाज का पडलाय?"

"एक कण हात धुऊन मागे लागलाय."

"मग यंत्रातल्या त्या तुझ्या चार दांड्या काय करतात?"

"त्यांचं काम चोख आहे. दांड्यांवरची वीज सारखी बदलते. मी ३७१ सांगितलं, की तेवढ्याच वजनाचा कण मधून पार होतो. बाकीचे डगमगतात आणि दांड्यांवर आपटतात."

"म्हणजे आत कोण आलंय ते कळतं. आणलं कुणी, ते नाही."

"नाही."

"बरं. हातांना क्रीम लावतोयस ना? नुसत्या भेगा पडल्यात."

"हात धुतले की लगेच लावतो. मग मोजे."

"सकाळपासून किती वेळा धुतलेस?"

केमिस्टने क्रीमच्या निळ्या ट्यूबच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचली. तिसरंच नाव सिलिकॉनचं होतं. ३७१ वजनाचा कण त्याचाच.

"ठेवतो," तो म्हणाला.

ट्यूब फाटकाबाहेरच्या कचराकुंडीत गेली. पावणेतीनला पडद्यावरची रेघ सपाट होती.

तपासनीस मॅनेजरांसोबत वेळेवर आले. "पाणी मी स्वतः भरतो," ते म्हणाले. "अविश्वास नाही हो, पद्धत आहे." मग खिशातून तसलीच निळी ट्यूब काढून त्यांनी हात चोळले. "एसीत फार कोरडे पडतात."

केमिस्टने तोंड उघडलं. "साहेबांना मध्ये टोकायचं नाही," मॅनेजर त्याच्या कानात म्हणाले.

सुळका पडद्याच्या वरच्या कडेला टेकला.

"हे काय?" तपासनीसांनी पेन उघडलं. मॅनेजरांनी केमिस्टकडे पाहिलं. केमिस्टने तपासनीसांच्या हातांकडे पाहिलं.

"एक संधी देतो," तपासनीस म्हणाले. "पण आता सगळं काटेकोर."

चार वाजता ते हात धुवायला गेले होते. जाताना ट्यूब सोबत नेली होती.