राजपुत्राच्या नेमांचे मुतालिक

श्रीकुलस्वामिनीचे पायी माथा ठेवून, घडले तैसे लिहिले ते ऐसे. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरी, चैत्रमासी, एका राज्यात राजपुत्र भानजीराजे यांचे वय पंधरा, पाय हरणाचे आणि झोप अजगराची. त्या राज्याची व शेजारराज्याची चाल ऐसी की, दसऱ्याचे दिवशी उभय राजपुत्रांनी शिवेपासून टेकडीवरील देवीपर्यंत धावावे, आणि हरेल त्याने जिंकणाऱ्याचे जोडे हातांत घेऊन त्यास त्याचे वेशीपर्यंत पोचवावे. भानजीराजांस जिंकण्याची हौस मोठी. स्वप्नात ते नित्य जिंकत, आणि म्हणोनच उठावयास उशीर होत असे.

मग राजवैद्यांनी नेम सांगितला की, पहाटे उठावे, धावून घाम गाळावा, भिजले हरभरे आणि दूध घ्यावे, तळीव वर्जावे, लौकर निजावे, आणि हे नित्य करावे. नित्य हा शब्द ऐकताच दरबाराचे तोंड उतरले. तेव्हा कारभारी त्र्यंबकपंत हात जोडोन बोलिले, "सरकार, अनुष्ठान भटजी करितात आणि पुण्य यजमानास पावते. तद्वत् नेमही मुतालिकांकरवी करवू. श्रम बदली माणसाचे, बळ आपले." हे बोलणे राजपुत्रांस फार गोड लागले. मग उठण्याचा मुतालिक नेमिला, आणि धावण्याचा नेमिला, आणि हरभऱ्यांचा नेमिला, आणि प्रत्येकाने हातावर पाणी सोडून आपले कर्म राजपुत्रांस अर्पावे ऐसे ठरले. लौकर निजण्याच्या जागेस इतके उमेदवार आले की पंतांनी ती आपले जावयास दिली.

राजपुत्रांच्या मातुश्री आऊसाहेब व्रतस्थ, बोलणे हळू. त्या म्हणाल्या, "बाळराजे, माझी एकादशी दुसऱ्या कोणी धरली तर मला भूक लागेल का?"

"नाही लागणार. तीच तर सोय आहे, आऊसाहेब," राजपुत्र बोलिले आणि चिरोट्यास हात घातला. आऊसाहेबांनी माळ पुढे ओढली.

ऐसा पावसाळा सरला. धावण्याचा मुतालिक काटक जाहला, हरभऱ्यांच्या मुतालिकाचे दंड भरले, जावईबापूंची नीज दुपारीही मोडेना, आणि राजपुत्रांस अंगरखा दाटू लागला. दरबार म्हणे, बळ साठते आहे.

मग दसरा आला, नगारा वाजला आणि राजपुत्र ऐसे सुटले की दरबाराने आधीच साखर वाटली. मग वडापाशी ऊर फुटू लागला, आणि ओढ्यापाशी पोटरीत गोळा आला, आणि टेकडीच्या पहिल्या पायरीवर राजपुत्र बसले ते बसलेच. मनी म्हणाले, एवढे हरभरे गेले कोठे? शेजारचे राजपुत्र संताजीराजे देवीची घंटा वाजवून खाली उतरले तरी हे उठले नव्हते.

त्र्यंबकपंत लगबगीने आले आणि कानात बोलिले, "सरकार, चिंता नसावी. जोडे वाहण्यास मुतालिक आणिला आहे. मान खाली घालण्याचा सराव त्यास आहे."

"धावलो मी, पंत," राजपुत्र बोलिले. "जोडे इकडे द्या."

मग दोघे राजपुत्र संताजीराजांच्या वेशीच्या वाटेस लागले. मग भानजीराजांनी पुसिले, "तुम्हांस रोज कोण उठविते?"

"कोंबडा. तो चुकला तर आई."

"आणि रोज धावता?"

"रोज. कंटाळा येतो."

"मग काय करता?"

"मग कंटाळत धावतो. जोडे सरळ धरा, वाळू सांडते आहे."

दुसरे दिवशी पहाटे राजपुत्र आपले आपण उठले, तो दारात उठण्याचा मुतालिक आडवा आला आणि म्हणाला, "सरकार, उठणे आमच्याकडे आहे."

"आज तुम्ही निजा," राजपुत्र बोलिले, आणि वडापर्यंत धावले, आणि तेथे ओकले, आणि लंगडत परतले. तिसरे दिवशी पुन्हा वडापर्यंतच गेले, पण ओकले नाहीत. दरबारात मोठी काळजी पडली, आणि पंतांनी दृष्ट काढविली.

येणेप्रमाणे भानजीराजांचा नेम त्यांच्या अंगी लागला. मुतालिकांच्या नेमणुका अद्याप कायम आहेत.